पाठ घडविताना

मराठवाड्यातील धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या बाह्यांगावर उत्तर चालुक्य काळातील शिल्पकारांनी ज्या सुरसुंदरी कोरल्या आहेत, त्यांच्या अलंकारांचा मणी न् मणी, कटीचा बाक आणि बोटांची ठेवण इतक्या बारकाईने साधली आहे की, त्या भिंतीपासून सुटून आता पुढे पाऊल टाकतील असे पाहणाऱ्याला वाटावे. परंतु भिंतीशी एकजीव झालेली त्यांची मागची बाजू कोणी घडविलेली नाही, आणि ती घडविण्याचे प्रयोजनही नव्हते. ज्या मुलाचे बालपण या भिंतीभोवती खेळण्यात गेले, त्याने मोठेपणी असे काम पत्करावे की ज्यात सारी कसोटी न दिसणाऱ्या मागच्या बाजूचीच लागते, हा योग मला विलक्षण वाटतो. हा तरुण माझ्या मावसभावाचा मुलगा. दिवसा तो दुचाकी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो, आणि उरलेला वेळ माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत बसून, लोकांच्या विस्मरणात गेलेल्या कार्टून मालिकांतील यंत्रमानवांच्या वीतभर उंचीच्या प्रतिमा घडविण्यात घालवितो. या प्रतिमांना कोणत्याही कंपनीची मान्यता नाही. त्या विकत घेणारे लोक महाराष्ट्रभर विखुरलेले असून, त्यांतील बहुतेकांनी त्याला कधी पाहिलेलेही नाही.

या यंत्रमानवांची पूर्वपीठिका सांगितल्यावाचून त्याच्या परिश्रमांचे मर्म कळणार नाही. १९८४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने जपानच्या ताकारा कंपनीची 'डायाक्लोन' व 'मायक्रोमॅन' या मालिकांतील, वाहनासारख्या वस्तूंत रूपांतर होणारी यंत्रमानवांची खेळणी घेऊन त्यांना 'ट्रान्सफॉर्मर्स' हे नाव दिले, आणि ती खपावीत म्हणून त्याच नावाची कार्टून मालिका निर्माण करविली. तेथे खेळणे आधी आले आणि कथा मागाहून आली. साहजिकच ज्यांचे खेळणे दुकानात होते त्यांना नाव, स्वभाव आणि संवाद लाभले, तर लढाईची गर्दी भरून काढण्यासाठी जुन्याच आकृतींना निराळे रंग देऊन जे उभे केले गेले, ते अनामिक राहिले. त्याच वर्षीच्या 'डिव्हाइड अँड कॉन्कर' या भागात आम्लाचा पाऊस पाडणारी काही रंगीत विमाने अशीच क्षणभर येऊन जातात. मालिकेने त्यांची नावे सांगितली नाहीत. रसिकांनी त्यांना 'रेनमेकर्स' म्हणून ओळखावयास सुरुवात केली, त्यांची चित्रे काढली, हाती असलेली खेळणी रंगवून ती विमाने स्वतःच तयार केली, आणि पुष्कळ वर्षांनी मूळ कंपनीनेच त्यांची अधिकृत खेळणी बाजारात आणली. १९८६ च्या चित्रपटातील आर्सी तर मुख्य पात्रांपैकी एक. तथापि त्या रूपातील तिचे रूपांतरक्षम अधिकृत खेळणे सर्वसाधारण दुकानांत येण्यास २०१४ साल उजाडावे लागले. मधल्या दीर्घ काळात तिची उणीव भरून काढली ती हौशी कारागिरांनी आणि परवान्याविना काम करणाऱ्या छोट्या उत्पादकांनी.

आमच्या या तरुणाच्या पुढ्यात मी पाहिलेला यंत्रमानव त्याच अनामिक गर्दीतला होता. मूळ दृश्यात तो काही क्षण, तोही समोरून आणि कमरेपर्यंतच दिसतो. पुण्याच्या एका विद्यार्थिनीने त्याचे पूर्णाकृती चित्र आपल्या कल्पनेने रंगविले होते. ते चित्र पाहूनच याला त्याची प्रतिमा करण्याची प्रेरणा झाली, आणि तिची रीतसर संमती घेतल्यानंतरच त्याने कामास हात घातला. पण चित्र कितीही सुंदर असले तरी त्याला एकच बाजू असते. खांद्यावरील पंख पाठीत कोठे रुजतात, कमरेचा सांधा कसा फिरतो, टाचेला आधार काय, यांपैकी कशाचेही उत्तर त्या कागदावर नव्हते.

"काका, ह्याची पाठ कुणीच पाहिलेली नाही," तो मला म्हणाला. "ज्यानं काढला त्यानंबी नाही. मग मी काय करतो, हा गाडी होत असंल तर चाकं कुठं जातील, ते आधी बघतो."

हे त्याचे वाक्य मी फार मोलाचे मानतो, कारण त्याची सारी पद्धती त्यात आली आहे. आलेखाच्या कागदावर समोरची, मागची, डावी, उजवी आणि वरची अशी पाच दृश्ये तो एकाच प्रमाणात रेखतो; छातीवर जे दोन काचेचे चौकोन दिसतात ते मूळ वाहनाची पुढची काच असले पाहिजेत, असे धरून वाहनाचे छत, मागचा दरवाजा आणि चाके पाठीवर व पोटऱ्यांवर कशी विभागली जातील याचा हिशेब मांडतो; आणि जेथे हिशेब जुळत नाही तेथे पंखाची जाडी अथवा खांद्याची रुंदी थोडी बदलून पुन्हा पहिल्यापासून आखतो. त्याच्या प्रतिमा रूपांतरित होत नाहीत, त्या एकाच मुद्रेत उभ्या असतात. तरीदेखील ज्या क्रियेची शक्यता प्रतिमेत दिसली पाहिजे, ती क्रिया मनात पुरती सिद्ध झाल्याखेरीज तो घडणीला हात घालीत नाही. याला केवळ नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मूळ चित्रकाराने जेथे काम थांबविले तेथून पुढचे सर्व अनुमान याचे स्वतःचे असते, आणि ते अनुमान मूळ आकृतीशी इमान राखून करावयाचे असल्यामुळे स्वैर कल्पनेपेक्षा कठीण असते.

आकृती निश्चित झाली की तारेचा सांगाडा करून त्यावर अॅल्युमिनियमची चांदी घट्ट गुंडाळली जाते आणि त्यावर एम-सीलचे थर चढतात. नळ जोडण्यासाठी घरोघरी वापरला जाणारा हा दोन भागांचा लगदा मळल्यावर काही काळ मऊ राहतो आणि मग दगडासारखा कठीण होतो. त्यामुळे यंत्रमानवाला आवश्यक असणाऱ्या काटेकोर कडा त्यात तासून काढता येतात. कठीण झालेला पृष्ठभाग पॉलिश पेपरने पाण्यात घासावयाचा, खळगे लांबीने भरावयाचे, पुन्हा घासावयाचे आणि करड्या प्रायमरचा पातळ फवारा मारावयाचा. त्या एकरंगी थराखाली डोळ्याला एरवी न दिसणारा प्रत्येक ओरखडा उघडा पडतो. गाड्यांच्या कामात मुरलेला त्याचा अंगठा मात्र डोळ्याच्याही आधी दोष ओळखतो. एका गुडघ्यावरून त्याने तो फिरविला आणि मला सर्वथा निर्दोष वाटणारा तो भाग पुन्हा घासावयास घेतला.

यापुढचे साचा करण्याचे काम मी सर्वांत जवळून पाहिले. गणपतीच्या मूर्तींचे रबरी साचे करणाऱ्या एका कारखान्यात त्याने काही हंगाम उमेदवारी केली होती, आणि तेथील शहाणपण त्याने या लहान आकारात आणले आहे. मूळ प्रतिमेचे डोके, धड, हात, पंख व पाय असे तुकडे सुटे केलेले असतात. प्रत्येक तुकडा निम्म्यापर्यंत तेलकट मातीत पुरून ठेवतात. माती व तुकडा यांची सीमारेषा कोठून न्यावयाची, यावर पुढचे सारे यश अवलंबून असते, कारण दोन साच्यांची सांध तेथेच पडणार आणि ओतीव वस्तूवर तिची बारीक शीर उमटणार. म्हणून ती रेषा तो नेहमी एखाद्या नैसर्गिक कडेवरून नेतो. मातीत बोथट काडीने खळगे पाडतात, जेणेकरून साच्याचे दोन्ही भाग एकमेकांत अचूक बसावेत. भोवती पुठ्ठ्याची भिंत उभारून पातळ सिलिकॉन रबर, त्यात उत्प्रेरक मिसळून, उंचावरून सुतासारख्या धारेने एका कोपऱ्यात सोडतात. धार बारीक असल्यामुळे आतील हवेचे बुडबुडे वाटेतच फुटतात, आणि रबर आपणहून हळूहळू चढत प्रत्येक खाचेत शिरते. रात्रभर ते तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी माती काढावयाची, उघड्या रबरावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावयाचा, कारण तो विसरला तर दोन्ही अर्धे एकमेकांना कायमचे चिकटतात, आणि दुसरी बाजू ओतावयाची. मूळ प्रतिमा बाहेर निघाली की साच्यात तिची पोकळी उरते. त्या पोकळीत त्याने अनुमानाने घडविलेली पाठ मी प्रथमच उलट्या रूपात पाहिली, आणि एका माणसाच्या मनातील तर्क इतक्या मूर्त स्वरूपात समोर यावा याचे मला मनःपूर्वक आश्चर्य वाटले.

ओतकामासाठी तो पॉलियुरेथेन रेझिन वापरतो. त्याचे दोन द्रव समप्रमाणात मिसळताच ते तापू लागते, आणि अवघ्या काही मिनिटांत साच्यात गेले नाही तर पेल्यातच घट्ट होते. मराठवाड्याच्या वैशाखात ही मुदत आणखी आखडते, म्हणून उन्हाळ्यात तो पहाटेच ओततो. उलटपक्षी पावसाळ्यात हवेतील ओलावा रेझिनशी संयोग पावून त्यात वायू निर्माण करतो आणि वस्तू आतून सच्छिद्र निघते. तेव्हा आमच्या भागातील कोरडी हवा, जिच्याविषयी शेतकरी योग्य कारणाने तक्रार करतो, ती या एका व्यवसायाला अनुकूल ठरते. या द्रवांची वाफ फुफ्फुसांना अपायकारक असल्याने खिडक्या उघड्या आणि तोंडावर वाफरोधक मुखवटा, हा नियम तो कसोशीने पाळतो. साचाही अमर नसतो. प्रत्येक ओतकामाच्या उष्णतेने रबर झिजते, बारीक खाचा फाटू लागतात, आणि वीस-पंचवीस प्रतींनंतर तो टाकून द्यावा लागतो. त्याने नवा साचा न करता तेथेच थांबण्याचे ठरविले आहे. प्रत्येक प्रतीच्या तळपायाखाली तो आपली खूण व साल कोरतो, कोणत्याही कंपनीचे चिन्ह उमटवीत नाही, आणि ही वस्तू लहान मुलांच्या खेळण्यासाठी नव्हे असे घेणाऱ्याला लेखी कळवितो.

तथापि कायद्याच्या दप्तरी या सावधगिरीने फारसा फरक पडत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील चौदाव्या कलमात, द्विमितीय कलाकृतीचे त्रिमितीय रूप करणे हा मूळ धन्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. धन्याचा हक्क मला मान्य आहे. कारण आकृती ज्याने प्रथम कल्पिली त्याला काहीच न मिळता तिच्यावर इतरांनी उपजीविका करावी, हे न्यायाचे नाही. पण ज्या आकृतीकडे धन्याने चाळीस वर्षांत वळूनही पाहिले नाही, तिला केवळ प्रेमापोटी पूर्णत्व देणाऱ्याला चोरट्या छपाईवाल्याच्या पंगतीस बसवावे, हेही मला पटत नाही.

जपानने या पेचातून जी वाट काढली ती मला अत्यंत समंजसपणाची वाटते. तेथे अशा हौशी ओतीव प्रतिमांना 'गॅरेज किट' म्हणतात, आणि त्यांच्यासाठी 'वंडर फेस्टिव्हल' नावाचा बाजार १९८० नंतरच्या दशकात जनरल प्रॉडक्ट्स या संस्थेने सुरू केला. १९९२ पासून तो ओसाका भागातील काइयोदो ही प्रतिमानिर्माती कंपनी चालविते. तेथे कारागीर आपल्या प्रतिमेचा नमुना आयोजकांमार्फत हक्कधारकाकडे आगाऊ पाठवितो. हक्कधारकाने मान्यता दिली तर ठरावीक संख्येच्या प्रती त्या एका दिवशी, त्या एकाच जागी विकण्याचा परवाना मिळतो, आणि त्याबद्दल ठरलेला मोबदला कारागीर देतो. त्या दिवसाचा बाजार उठला की तो परवाना संपतो. हक्कधारकाची मालकी अबाधित राहते, कारागिराला उजळ माथ्याने उभे राहता येते, आणि कोणत्या विसरलेल्या पात्रावर लोकांचे प्रेम आहे हे मूळ कंपनीलाही कळते. तेथील कित्येक हौशी शिल्पकार अशाच बाजारांतून पुढे मान्यताप्राप्त कंपन्यांकडे गेले.

आपल्याकडेही मुंबईत 'कॉमिक कॉन' हा चित्रकथा-रसिकांचा मेळावा भरू लागल्याला आता बरीच वर्षे झाली. तेथे एक दालन एका दिवसाच्या परवान्यासाठी राखून ठेवावे, अर्जाचा नमुना मराठीतही असावा, आणि नमुना-प्रतिमा पाठविण्याची मुदत पावसाळ्याआधी संपणारी असावी, म्हणजे धर्मापुरीसारख्या गावातील माणसाला कोरड्या हवेत ओतकाम उरकून ती वेळेत रवाना करता येईल. एवढे तीन मुद्दे मी आयोजकांना लिहिण्याचे ठरविले आहे, आणि त्या पत्रासोबत जोडण्यासाठी प्रतिमेचे एक छायाचित्र मागच्या बाजूने काढून घेतले आहे.