कोल्हा वस्तीत का येतो?

उर्दूत म्हण आहे, ‘गीदड की मौत आती है तो शहर की तरफ भागता है.’ मराठीत म्हणतात, ‘कोल्हा काकडीला राजी.’ डहाणू-तलासरीत चिकूच्या वाड्या, भातशेती आणि खाडीकाठची तिवरे घरांना लागूनच आहेत. इथे आपल्याला मराठी म्हणच अधिक पटते. कोल्हा मरायला येत नाही, पोटासाठी येतो.

दिवसा तो झुडपात किंवा बिळात पडून असतो. मगरिबच्या सुमारास कोल्हेकुई सुरू होते. आपल्याकडे काही जण तिला अपशकुन मानतात. खरे तर घरचे एकमेकांना हाक देत असतात आणि शेजारच्या कोल्ह्यांना ‘ही जागा आमची’ असे बजावत असतात. नर-मादी जोडीने राहतात. मादी सुमारे 63 दिवसांनी विते. पिल्ले दोघे मिळून वाढवतात आणि कधी कधी आधीच्या विणीतली मोठी भावंडेही धाकट्यांना सांभाळतात. रात्री उंदीर, खेकडे, किडे, गळलेली फळे, मेलेली जनावरे, जे मिळेल ते खाऊन फजरच्या सुमारास तो परततो. उंदीर खातो म्हणून शेतकऱ्याला त्याचा उपयोगच आहे.

मात्र उघड्यावर टाकलेले शिळे अन्न, कोंबडीची आतडी, बकरी ईदनंतर खाडीकडे फेकलेले अवशेष त्याला दारापर्यंत आणतात. भटकी कुत्रीही तिथेच जमतात. दोघांची झटापट झाली की रेबीज एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. 2024 मध्ये मुंबईत चेंबूर परिसरातल्या कोल्ह्यामध्ये हा रोग आढळला होता. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून काळजी आधीच घ्यायची.

कुर्बानीचे अवशेष खोल खड्ड्यात पुरावेत. खुराड्याला जाळी आणि पक्की कडी असावी. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे बाहेर पाठवू नये. बिळातली पिल्ले उचलू नयेत, आई जवळपासच असते. एखादा कोल्हा झोकांड्या खात, लाळ गाळत, माणसाला न घाबरता फिरताना दिसला तर लांब राहून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना काही लावू नये. झाडफुंकीत वेळ न घालवता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि लसीचे सगळे डोस पुरे करावेत.

विष घालणे किंवा फासे लावणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याची गरजही नाही. दारात खायला मिळाले नाही, की कोल्हा आपल्या तिवरांत आणि शेतांत सुखाने राहतो. अंगण स्वच्छ ठेवणे मात्र आपल्याच हातात आहे.