लोणारच्या तळाशी कोण निजलंय?

मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावरून आमची नाटिका तीन भागांत लागली होती. ज्यांची ऐकायची राहिली त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. मेहकरच्या बचत गटातल्या चार बाया उन्हाळ्यात लोणारला जातात. तळ्याचं पाणी मागे हटलेलं असतं. चिखलात एकीचा पाय रुततो, हाताला कोरीव शिळा लागते, शिळा सरकते आणि खाली पायऱ्या दिसतात. पायऱ्यांच्या शेवटी एक थडगं आणि त्यात परग्रहावरून आलेला, हजारो वर्षांपासून निजलेला एक प्रवासी. तो मेलेला आहे की झोपलेला, हे आम्ही मुद्दामच सांगितलं नाही.

गोष्ट सुचली ती मेहकरमुळेच. आपल्या गावाला जमिनीखालून काही निघण्याचं नवल नाही. शारंगधर बालाजीची एवढी मोठी मूर्ती १८८८ साली खोदकामात जमिनीतूनच निघाली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग एकीने विचारलं, देव निघतो तर दुसरं कोणी का निघू नये?

नाटिका करताना मजा आली. थडग्याचं दार उघडायचा आवाज म्हणजे रिकामं जातं. दाणे न घालता फिरवलं की अंगावर काटा येतो. परग्रहावरचा पाहुणा रांजणात तोंड घालून बोलला. चिखलातली पावलं ओल्या गोणपाटावर थापट्या मारून काढली.

भाग संपले आणि फोन सुरू झाले. पहिला एका आजीचा. "काहून व ताई, त्या तळ्याच्या खाली खरंच कोणी हाय का? सरकारनं लपवलं म्हणते." दुसरी म्हणाली, औंदा कमळजादेवीच्या दर्शनाला पोरीला नेणार नाही. तिसरा फोन मात्र वेगळा होता. त्या गटाला आतल्या कर्जातून दहा हजार रुपये हवे होते. लोणारचे काळे दगड गोळा करायचे, पिशवीत भरायचे, वर "आकाशातून आलेला दगड" अशी चिठ्ठी लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विकायचे. "तुमच्या नाटकानं गिऱ्हाईक तयारच केलं ना," असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा आमच्या लक्षात आलं की आम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. १९३८ साली ३० ऑक्टोबरला अमेरिकेत रेडिओवर मंगळावरच्या स्वारीचं नाटक लागलं होतं. ते बातम्यांच्या थाटात होतं म्हणून काही लोक खरंच घाबरले. किती घाबरले, ते वर्तमानपत्रांनी फुगवून छापलं, पण घाबरले होते. कानावर पडलेलं माणूस चटकन खरं धरतो. म्हणून आज त्या नाटिकेतलं खरं काय आणि आमच्या पदरचं काय, ते वेगळं करून सांगतो.

थडगं आमच्या पदरचं. पण तेही पुरतं आमचं नाही. लवणासुराची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. तो जमिनीखाली बिळात राहायचा, वर झाकण. विष्णूने त्याच्या बहिणींकडून ठिकाण काढून घेतलं, झाकण उडवलं आणि त्याला मारलं. खड्डा म्हणजे त्याचं बीळ, पाणी म्हणजे रक्त, मीठ म्हणजे मांस, असं सांगतात. लोणार गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच कथेचं. बघा, जमिनीखाली निजलेला परका, वर शिळेचं झाकण! आमच्या आधी कितीतरी शतकं ही गोष्ट लोकांनी रचून ठेवली होती. आम्ही फक्त असुराच्या जागी परग्रहावरचा माणूस बसवला.

आता खरं. लोणारला आकाशातून पाहुणा आला होता, हे खरं आहे. तो माणूस नव्हता, दगड होता, म्हणजे उल्का. खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून तळ्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर खोल आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे ठिकाण पाहून त्याची माहिती लिहिली. पण पुढे बराच काळ शिकलेले लोक हा ज्वालामुखीचाच खड्डा मानत राहिले. त्यांचं फार चुकलं असंही नाही. आपल्याकडचा सगळा काळा पाषाण लाव्ह्याचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेला. अशा मुलखात खड्डा दिसला तर माणूस ज्वालामुखीच म्हणणार.

मग कळलं कसं? तळ्याच्या गाळाखाली यंत्राने भोकं पाडून दगड वर काढले. त्यात चुरा झालेला पाषाण निघाला आणि त्यात मास्केलिनाइट नावाची काच सापडली. काळ्या पाषाणात फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. त्याला अतिशय जबर धक्का बसला की त्याचीच ही काच होते. चुलीत घालून ती होत नाही, ज्वालामुखीतही तसा दणका नसतो. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून हे छापलं आणि लोणारचा खड्डा उल्केचा हे जगाने मानलं. काळ्या पाषाणात पडलेले उल्केचे खड्डे जगात फार थोडे आहेत. चंद्रावरचा मोठा भागही अशाच लाव्ह्याच्या दगडाचा, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात.

आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर. तळाशी कोण आहे? कोणी नाही. उल्कासुद्धा नाही.

हे आम्हालाही आधी पटलं नाही. चिखलात धोंडा मारला तर धोंडा तिथेच रुतून बसतो ना? पण वेगाचा हिशोब करा. मेहकरहून लोणारला एसटीने सुलतानपूरमार्गे जायला पाऊण तास तरी लागतो. हा पाहुणा ते अंतर दोन सेकंदांच्या आत कापेल एवढ्या वेगाने आला असणार. जात्याला टाकी लावणाऱ्या बाईला विचारा, घाव घालून घालून टाकी गरम होते. वेग थांबला की त्याची उष्णता होते. इथे तर सगळाच वेग एका क्षणात थांबला. दगड वितळला, बराचसा वाफ होऊन गेला आणि विहिरीत सुरुंग उडावा तसा स्फोट झाला. म्हणूनच खड्डा गोल आहे. उल्का तिरपी आली तरी स्फोट चहूकडे सारखा होतो.

अमेरिकेत ॲरिझोनात असाच एक खड्डा आहे, आपल्यापेक्षा लहान, सव्वा किलोमीटरच्या आसपास. डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाणीच्या धंद्यातल्या माणसाने १९०३ साली तो ताब्यात घेतला. खाली लोखंडाची प्रचंड उल्का पुरलेली आहे, ती काढू आणि विकू, असा त्याचा हिशोब. पंचवीसहून जास्त वर्षं तो खणत राहिला, पैसा ओतत राहिला. खड्डा उल्केचा आहे हे त्याचं म्हणणं खरं निघालं, पण खाली विकण्याजोगं काही नव्हतं. १९२९ साली तज्ज्ञाने हिशोब मांडून तेच सांगितलं आणि त्याच वर्षी बॅरिंजर वारला. आम्हाला तर हा माणूस कर्जबाजारी शेतकऱ्यासारखा वाटला. पाणी लागेल, अजून दहा फूट, अजून दहा फूट.

पाहुणा आला कधी, यावर मात्र शास्त्रज्ञांचं एकमत नाही. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतात, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. एवढा फरक कसा? पहिल्या पद्धतीत दगडाच्या कणांनी जमिनीतून साठवलेली ऊर्जा मोजतात. भाजल्यावर ती रिकामी होते आणि पुन्हा साठू लागते. दुसरीत दगडातल्या पोटॅशियमपासून हळूहळू तयार झालेला आरगॉन वायू मोजतात. दगड वितळला की जुना वायू निघून जातो आणि मीटर शून्यावर येतं. पण सगळा वायू गेला नसेल तर वय जास्त दिसतं. गटाचा हिशोब दोन वह्यांत असला आणि जुळला नाही की आपण वह्याच तपासतो, तसं हे चाललंय.

राहिला रक्ताचा रंग. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा लॉकडाऊन होता, घरोघरी फोनवर फोटो फिरत होते आणि असुर जागा झाला असं बोलणारेही होते. वनखात्याने नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाठवले. पाणी घटून खारेपणा वाढला की त्यात वाढणारे, मिठावर जगणारे सूक्ष्मजीव निघाले, गुलाबी रंगाचे. बाटली ठेवून दिली तर जीव तळाशी बसले आणि पाणी पुन्हा नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. या खाऱ्या पाण्याची ख्याती जुनी आहे. अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'त लोणार मेहकरच्या हद्दीत दाखवलंय, आणि काच-साबणाला लागणारा माल तिथे मिळतो असं लिहिलंय.

आता दगडांचं कर्ज. त्या गटाला आम्ही ग्रामसंघाच्या मीटिंगमध्ये नाही म्हटलं. लोणारला २००० सालापासून अभयारण्य आहे, तिथून दगड उचलणं गुन्हा आहे. आणि आकाशातून आलेला दगड म्हणून जे विकाल ते आकाशातलं नसेलच. उल्केचा मोठा तुकडा आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही. "पण चुंबक चिकटते ना!" त्यांच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, आणि पिशवीतून दगड आणि चुंबक काढून दाखवलं. खरंच चिकटत होतं. मग आम्ही मीटिंगच्या बाहेरच्या बांधावरचा धोंडा आणला. त्यालाही चुंबकाने थोडं धरलं. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं, एवढीच गंमत.

त्यांचा राग गेलेला नाही. "तुमाले नाटक करता येते, आमी काय विकावं?" असं एकीने तोंडावर विचारलं, आणि प्रश्न बरोबर आहे. सुटीच्या दिवशी वरच्या काठावर माणसं येतात, त्यांना बसायला सावली आणि खायला काही लागतं. शेवटी कर्ज तेवढंच, पण पिठलं-भाकरी आणि ताकासाठी, असं ठरलंय. जागेची परवानगी मिळायची आहे. ती मिळेपर्यंत पैसे उचलायचे नाहीत, हेही वहीत लिहिलंय.

नाटिकेचा चौथा भाग आता लिहायला घेतलाय. त्यात चौघी दुसरी शिळा सरकवतात आणि आत थडगं रिकामं निघतं. भिंतींवर फक्त काच चमकते. आजींनी आतापासूनच बजावलंय की असुर ठेवा, त्याला काढू नका. त्यालाही एक वाक्य दिलंय, रांजणातून. रेकॉर्डिंग येत्या गुरुवारी दुपारी आहे. आधीचं जातं मालकीण घेऊन गेली, तेव्हा कोणाकडे खुंट्याचं, जरा खडखडणारं जातं असेल तर केंद्रावर घेऊन या. रिक्षाचं भाडं आम्ही देऊ.