‘बिल प्रोसेसमध्ये आहे’

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या एका मैत्रिणीच्या टेबलावर रंगांच्या ट्यूबांशेजारी एक जाड वही पडलेली दिसली. आत तीन रकाने: ‘पाठवलं’, ‘विचारलं’, ‘आलं’. मधला रकाना सगळ्यांत गच्च. महिनाअखेरीला ही बाई नेमकं करते तरी काय, ते बघायला मी मुद्दाम तिच्या कोथरूडच्या घरी जाऊन बसले.

बिल करणं दहा मिनिटांचं काम. क्रमांक, तारीख, कामाचा तपशील, पॅन, खातं, आयएफएससी, झालं. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत, त्यामुळे जीएसटीची भानगड नाही. ती झोहो इनव्हॉइस वापरते. ते फुकट आहेच, पण तिनं ते घेतलं टीडीएससाठी. 60,000 च्या बिलातून प्रकाशक 10 टक्के कापतो, खात्यात 54,000 येतात. आधीच्या परदेशी ॲपला हे कळायचंच नाही. उरलेले सहा हजार ते लाल अक्षरांत थकबाकी म्हणून दाखवायचं आणि एकदा तर त्यानं प्रकाशकाला परस्पर तगाद्याचं पत्रही धाडलं! ते सहा हजार शोधायचे असतात प्राप्तिकराच्या पोर्टलवर.

पैसे कुठल्या वाटेनं आणायचे, यावर तिनं बराच काथ्याकूट केलाय. पेमेंट गेटवेची लिंक दिसते झकास, पण साधारण 2 टक्के शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 60,000 मागे 1,416 रुपये. ‘‘यात माझा चांगला ब्रश येतो गं,’’ ती म्हणाली. म्हणून प्रकाशकांना सरळ खाते क्रमांक आणि किरकोळ कामांना यूपीआय. पेपॅलचे देशांतर्गत व्यवहार 1 एप्रिल 2021 पासून बंदच आहेत. परदेशातून काम आलं तर ती वाइज ही सेवा सुचवते, कारण तिथे शुल्क वेगळं दिसतं. इतरत्र विनिमय दरातच कापून घेतलेले पैसे डोळ्यांना दिसत नाहीत. परकीय चलन आल्याचा दाखला फाइलला लागेपर्यंत ते बिल तिच्या लेखी संपत नाही.

मला मात्र सारखा आठवतो तो तिनं प्रकाशकाच्या अकाउंट्समध्ये केलेला फोन. नंबर लावण्याआधी ती पाणी प्यायली, खाकरली, आणि माझ्याशी खिदळणारा आवाज एकदम मऊ झाला. ‘‘दादा, त्या जूनच्या बिलाचं काय झालं?’’

‘‘मॅडम, बिल प्रोसेसमध्ये आहे. आपल्याकडे पंचेचाळीस दिवस लागतात.’’

सप्टेंबर संपत आला होता.

पंचेचाळीस दिवस! हा आकडा त्या दादांनी हवेतून काढलेला नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात तो आहे, पण लेखी करार असला तरी त्यापुढे जाता येणार नाही, अशी हद्द म्हणून. करार नसेल तर 15 दिवसच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. या कायद्याचा आधार मिळावा म्हणून मैत्रिणीनं उद्यम नोंदणी केलीये (नोंदणीला एक पैसाही पडत नाही), आणि तो क्रमांक प्रत्येक बिलाखाली छापलेला असतो.

‘‘मग व्याज मागितलंस कधी?’’

‘‘मागते की. मग पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला जाईल.’’

ॲपमधली आपोआप जाणारी स्मरणपत्रं तिनं बंद करून टाकलीत. ईमेल न उघडता राहतो, फोनवर ‘दादा’ला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. ते उत्तर ती मधल्या रकान्यात तारखेसह लिहिते. कुठलं ॲप घेऊ, असं विचारणाऱ्या नव्या मुलांना मी आता सांगते: टीडीएस कळणारं घ्या, त्यावर फार डोकं शिणवू नका, आणि उद्यम नोंदणी आजच करा.

वाचकांत कुणी प्रकाशक, संस्थाचालक, जाहिरातवाले असतील तर त्यांना एक विनंती. काम सांगतानाच पैशांची तारीख लेखी द्या, आणि पंचेचाळीस दिवस ही शेवटची हद्द आहे, हे तुमच्या अकाउंट्समध्येही एकदा सांगून ठेवा.