‘सेमी’ घ्यायची राहून गेली

आमच्या घरात 12 बोअरची दुनळी आहे, वडिलांच्या वेळची. तिच्या लाकडी दस्त्यावर वडिलांच्या गालाच्या घामाचा काळपट डाग आहे, तेल लावून पुसला तरी जात नाही. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आणि घरात बंदूक असली की माणसाला सल्ले फुकट मिळतात. पोरगी नेमबाजी शिकायला लागली, मी रायफलीची चौकशी सुरू केली, आणि सल्ल्यांना ऊत आला. बहुतेकांचं म्हणणं एकच : “आजच्या काळात बोल्टची कशाला? सेमी घ्या!”

दोन-चार महिने मीही त्याच नादात होतो. मोबाईलवरच्या अमेरिकन व्हिडिओंतली एआर-15 बघायची, मग तिच्याऐवजी दुसरी कोणती बरी पडेल ते शोधायचं. त्यात आधी कळलं ते हे, की ‘एआर’ म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे. ती मूळ ज्या कंपनीने काढली त्या आर्मालाइटच्या नावातली ती अक्षरं आहेत. दुसरा घोळ ‘सेमी म्हणजे मशीनगन’ हा. सेमी ऑटोमॅटिकमध्ये एकदा चाप ओढला की एकच बार निघतो. रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि पुढचं नळीत चढवणं एवढंच ती आपोआप करते, तेही त्याच बाराच्या वायूच्या किंवा धक्क्याच्या जोरावर. पुढच्या बारासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. चाप दाबून धरला की गोळ्या चालूच राहतात ती पूर्ण ऑटोमॅटिक. बोल्टच्या रायफलीत हे चढवण्या-उतरवण्याचं काम आपल्या हाताने, दांडा मागे-पुढे करून.

पण हे सगळं ज्ञान इथे कामाचं नाही. जालन्यात परवाना देतं ते जिल्हाधिकारी कार्यालय, आणि 2016 च्या शस्त्र नियमांत सेमी ऑटोमॅटिक रायफली प्रतिबंधित वर्गात टाकल्या आहेत. त्या वर्गाचा विषय दिल्लीला, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. “ओळख असली की होतं,” असं सांगणारे पारावर पुष्कळ भेटतात. त्यांतल्या एकाकडेही ती रायफल नाही, हे मी मुद्दाम बघून ठेवलंय.

बरं, नेमबाजीसाठी ती लागते तरी का? कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये, 451.4 गुणांनी. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, अशी ती स्पर्धा. त्यातली रायफल पॉइंट टू टूची, आणि नियमच असा की प्रत्येक बाराला एकच काडतूस हाताने भरायचं. मॅगझिन नाही, सेमीचा तर प्रश्नच नाही. समोरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते 50 मीटरवर. तिथे घाई कुणाला हवी? झटपट बारांचा ऑलिंपिक प्रकार वेगळा आहे, 25 मीटर रॅपिड फायर. तिथे चार सेकंदांत पाच गोळ्या सोडायच्या असतात, आणि लंडनला 2012 मध्ये विजय कुमारने त्यात रौप्य घेतलं. पण ते पिस्तूल, रायफल नव्हे.

शेवटी आम्ही एअर रायफल घेतली. अभिनव बिंद्राचं 2008 चं सुवर्ण याच प्रकारातलं, 10 मीटरचं. इथे दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर.

आणि इथेच गावात दोन तट पडले. एक म्हणे हिलाही परवाना लागतो, दुसरा म्हणे छऱ्याच्या बंदुकीला कधीच लागत नाही. दोघंही चुकले. व्यास 4.5 मिलिमीटरपर्यंत आणि ताकद 20 ज्यूलपर्यंत असेल तर परवाना नाही. यातलं काहीही ओलांडलं की परवाना आलाच, म्हणून बाजारात ‘थोडी मोठी’ 5.5 ची दाखवली तर हुरळून जाऊ नये. मी हिशेब मांडून पाहिला. डबीतला शिशाचा छर्रा कमरेत बारीक आणि तोंडाला सपाट असतो, त्यामुळे कागदाला पंचने पाडल्यासारखं गोल भोक पडतं. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. सेकंदाला 175 मीटरच्या वेगाने तो सुटला तर साधारण 8 ज्यूल होतात, मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. तरी डोळा जायला तेवढे पुरतात. आणि बागेतल्या पाखरांवर चालवली तर वन्यजीव कायदा आहेच.

शेतकऱ्यांचा खरा गैरसमज मात्र रानडुकराचा आहे. “पीक संरक्षणाचा परवाना आहे ना, मग मारा की!” परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. रानडुक्कर आणि रोही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, काळवीट तर पहिल्याच अनुसूचीत. वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार टाकला तर डुक्कर राहतं बाजूला आणि आपणच कोर्टात उभे. मजा अशी की शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमाने पीक राखायला मुळात सुचवली आहे ती ठासणीची बंदूक, ती पुरणार नसेल तरच दुसरी गुळगुळीत नळीची. पॉइंट टू टू रायफल आणि एअर रायफल त्याच कलमात आहेत, पण मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, निशाणाच्या सरावासाठी. मला यात शहाणपण दिसतं. 12 बोअरचे छर्रे पन्नासेक मीटरवर विस्कटून बिनकामाचे होतात. पॉइंट टू टूची गोळी एवढीशी, पण दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. आमच्या बागेपलीकडे एवढ्या अंतरात दोन वस्त्या आहेत.

12 बोअर म्हणजे 12 मिलिमीटर, हेही कितीदा ऐकलं! नळीच्या मापाचे 12 शिशाचे गोळे मिळून एक पौंड भरतात, म्हणून बारा. नळी प्रत्यक्षात साडेअठरा मिलिमीटरच्या घरात जाते. त्यामुळे 16 बोअर ही 12 पेक्षा लहान.

बाकी किरकोळ. बाप गेला म्हणून बंदूक आपोआप पोराची होत नाही. आमची दुनळी माझ्या नावावर परवाना होईपर्यंत ठाण्यात जमा होती. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका, आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली. लग्नात हवेत बार काढणं ही हौस राहिलेली नाही, त्याच दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही लावलं. निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका जमा होतात असं धरून चालतात, पण कुणाची घ्यायची ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते.

परवा पोरगी गोठ्याच्या जाड भिंतीपुढे लोखंडी पेटी ठेवून सराव करत होती. शेजारचे अण्णा पाठीमागे बराच वेळ हाताची घडी घालून उभे. कागदावरचा ठिपका त्यांना दिसेना, म्हणून चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “एवढे पैसे घातले, अन् हिला आवाजच नाही. डुक्कर पळणार कसं?”