लेखक आहात? मग स्वतःच्या नावाची साधी वेबसाइट अशी उभी करा



स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापलं, प्रकाशन झालं, फेसबुकवर दोन दिवस अभिनंदनाचा पाऊस पडला. पुढे काय? व्हॉट्सॲपचं स्टेटस 24 तासांत जातं, फेसबुकची पोस्ट खाली सरकते आणि पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली राहतात. महिन्याभराने कुणी तुमचं नाव शोधलं, तर त्याला काहीतरी सापडलं पाहिजे ना? पुस्तक विकायला काढलंत की तुम्हीही दुकानदारच. आणि दुकानाला पाटी हवी.

1. नाव घ्या. डोमेन पुस्तकाच्या नावाने नको, स्वतःच्या नावाने घ्या. आज एक पुस्तक आहे, उद्या तीन होतील. डॉट कॉम किंवा डॉट इन, जे मोकळं असेल ते चालेल. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, मुदत संपली की रिन्यू करावं लागतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या ऑफरला भुलू नका; रिन्यूअलचा दर बघा, त्यावर 18 टक्के जीएसटी धरा. साइट भाच्याने करून दिली काय किंवा एजन्सीने, डोमेनचं खातं तुमच्याच ईमेलवर आणि मोबाइलवर हवं. नाहीतर उद्या वाद झाला की पाटी त्याच्या हातात!

2. जागा निवडा. ब्लॉगर आणि गूगल साइट्स दोन्ही फुकट आहेत, दोन्हींना स्वतःचं डोमेन जोडता येतं. सुरुवातीला एवढं पुरे. हजारो रुपयांचं पॅकेज घ्यायची घाई नको.

3. चारच पानं करा.
- ओळख: फोटो आणि पाच-सहा ओळी. नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिपींत लिहा. लोक दोन्हींत शोधतात.
- पुस्तक: मुखपृष्ठ, विषय, पानं, किंमत, आयएसबीएन असेल तर तोही.
- नमुना: एखादं प्रकरण वाचायला द्या. प्रकाशक दुसरा असेल तर आधी करार वाचा, परवानगी घ्या.
- ऑर्डर: टपालखर्चासह एकच रक्कम लिहा.

4. मजकूर युनिकोडमध्येच हवा. इथे बरेच जण अडकतात. डीटीपीवाल्याकडची फाइल बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. ती तशीच चिकटवली तर साइटवर अगम्य अक्षरं दिसतात. कन्व्हर्टरने बदला आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा. पानाचा फोटो काढून टाकणं हा उपाय नाही. शोधणाऱ्याला त्यातला मजकूर सापडेलच असं नाही.

5. ऑर्डर सोपी करा. व्हॉट्सॲप बिझनेससाठी वेगळा नंबर घ्या, कारण तो सगळ्या जगाला दिसणार आहे. डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, मग 91 आणि पुढे नंबर, मध्ये जागा न सोडता. ही लिंक ‘पुस्तक मागवा’ या बटणाला जोडा, दाबलं की थेट चॅट उघडतं. पैसे यूपीआयने घ्या. पण नुसता स्क्रीनशॉट बघून पुस्तक पाठवू नका, खात्यात रक्कम आली का ते बघा.

साइट झाली की स्वतःच्या मोबाइलवर उघडा आणि घरातल्या कुणाला तरी पुस्तक मागवून बघायला सांगा. जिथे ते अडखळतील, तिथेच गिऱ्हाईकही अडखळणार. ते दुरुस्त करा आणि मगच लिंक सगळीकडे पाठवा.

तर मग, आज एवढंच करा: तुमच्या नावाचं डोमेन मोकळं आहे का, ते बघा.