‘गणित कच्चे आहे’ असं लिहिणारा सीताफळवाला

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालं आणि घाट चढून वर आलं की मांजरसुंब्याचा फाटा लागतो. एक रस्ता पाटोद्याकडे जातो, दुसरा नेकनूर-केजकडे. दिवाळीच्या आधी या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. गेल्या हंगामात अशाच एका पाटीपाशी मी एसटीची वाट बघत थांबले होते. विकणारा मुलगा अकरावीतला. मी पीएचडी करते हे कळल्यावर त्याने पिशवीतून एक शिष्यवृत्तीचा अर्ज काढला. “ताई, ह्यात काय लिहू?”

प्रश्न होता : ‘तुमची बलस्थाने कोणती? ती तुम्ही कशी विकसित केली?’ खाली दहा रिकाम्या ओळी. त्याने मोबाइलवरून उतरवून घेतलं होतं : ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि जिद्दी आहे.’ पुढचा प्रश्न उणिवांचा. तिथे मात्र त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं : ‘गणित कच्चे आहे.’

तेवढ्यात एक गाडी थांबली. घासाघीस होऊन पाटी 180 रुपयांना ठरली. गिऱ्हाइकाने तीन पाट्या घेतल्या आणि पाचशेच्या दोन नोटा दिल्या. नोटा खिशात जायच्या आत पोराने 460 रुपये परत केले. मी विचारलं, कसं काढलंस? “तीन दोनशे सहाशे. वीस-वीस जास्तीचे धरले, साठ गेले. पाचशेचाळीस. मग हजाराला चारशेसाठ.” आणि हा म्हणतो गणित कच्चं!

तुम्ही म्हणाल, नम्रपणा असेल. तसं नाही. दहावीत त्याला गणितात खरोखरच कमी मार्क होते. मग दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? या कोड्यावर चाळीस वर्षं संशोधन चालू आहे.

नारळवाल्या पोरांची गोष्ट

1985 साली तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाजारात माल विकणारी पाच मुलं, वयं 9 ते 15. संशोधक आधी साधं गिऱ्हाईक होऊन गेले आणि हिशोब विचारले. उत्तरं 98 टक्के बरोबर. काही दिवसांनी त्याच मुलांना तसेच हिशोब कागदावर दिले. शाब्दिक उदाहरणात ते सुमारे 74 टक्क्यांवर आले आणि नुसते आकडे दिले तर 37 टक्क्यांवर.

एका मुलाला विचारलं, 35 ला एक, तर दहा नारळ कितीला? त्याने तीन नारळांचे 105 धरले, आणखी तीन घेऊन 210 केले, मग 315 आणि शेवटी 350. शाळेतली रीत म्हणजे 35 पुढे शून्य. ती त्याने वापरलीच नाही. पण प्रत्येक पायरीला आपल्या हातात किती नारळ आहेत, हे त्याला ठाऊक होतं.

पाच मुलं म्हणजे फार लहान नमुना, अशी शंका येणं साहजिक आहे. 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्याकडचाच मोठा अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफलो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी 1,436 मुलं तपासली. जवळजवळ सगळी मुलं धंद्यातले अवघड हिशोब नीट करत होती. तितकीच किंवा त्याहून सोपी गणितं शाळेच्या पद्धतीने मांडून दिली की अडत होती. पाठांतर, कुणाची मदत, परीक्षेचं दडपण ही कारणंही तपासली गेली, पण त्यांनी हा फरक उलगडला नाही.

मला खरा धक्का बसला तो पुढच्या भागाने. जवळच्या शाळांतली, बाजारात कधी काही न विकलेली 471 मुलंही तपासली होती. कागदावरच्या सोप्या गणितात ती पुढे. पण बाजारातलं जे गणित काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांना आलं, ते या मुलांपैकी फक्त 1 टक्क्याला आलं.

म्हणजे तोटा दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी कमावलेली क्षमता दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. मध्ये पूल बांधावा लागतो.

पूल कसा बांधतात

याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शाळा सहा किलोमीटरवर, वाहन नाही, म्हणून चालत नाहीतर पळत जायचं. बारावीनंतर तो सैन्यात गेला. सियाचिनला राहिला. 2015 मध्ये क्रॉस-कंट्रीत उतरला आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली 2017 मध्ये स्टीपलचेसकडे वळला. 3,000 मीटरच्या या शर्यतीत 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या असतात. 2018 मध्ये त्याने 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

शाळेच्या वाटेवर दमसास तयार झाला असेल. पण अडथळ्यावरून उडी कशी घ्यायची, हे त्या वाटेने शिकवलं नाही. ते वेगळं शिकावं लागलं, शिकवणारा भेटावा लागला आणि पळायला मैदान मिळावं लागलं. सहा किलोमीटर चालणारी पोरं आपल्याकडे कमी नाहीत. म्हणूनच ‘कष्टाने माणूस घडतो’ एवढ्यावर थांबू नका. लहान वयातलं काम गोड मानायचंही काही कारण नाही. मुलाला अंगमेहनतीतून काही आलं असेल, तर ते ओळखून पुढे नेणं ही आपली, म्हणजे मोठ्यांची, जबाबदारी आहे.

अर्जात काय लिहायचं?

आता तुमच्याकडे वळू. असा प्रश्न समोर आला की तीन गोष्टी करून बघा.

पहिली : लोक तुमच्याकडे कशासाठी येतात ते आठवडाभर टिपून ठेवा. मोटार बिघडली की तुम्हाला हाक मारतात? घरातली भांडणं तुम्ही मिटवता? जे सहज जमतं ते आपल्याला क्षमता वाटतच नाही, म्हणून दुसऱ्यांच्या हाकांवरून ओळखायचं.

दुसरी : विशेषण लिहू नका, कृती लिहा. ‘मेहनती’ हा शब्द प्रत्येक अर्जात असतो. ‘आई-वडील ऊसतोडीला गेले की पाच महिने आजी आणि धाकटी बहीण यांचं घर मी चालवतो’ हे वाक्य फक्त तुमचं असतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : तीच क्षमता दुसऱ्या जागी एकदा वापरून बघा. ‘कशी विकसित केली’ याचं खरं उत्तर तिथे सापडतं.

आम्ही तेच केलं. त्याच अर्जाच्या मागे मी त्याचा हिशोब मांडला : 3 × (200 − 20) = 600 − 60 = 540. तो बघत राहिला. “हे तं कंस सोडवायचं हाय. सातवीत होतं.” मग म्हणाला, “तवा कुणी सांगितलंच नाही, हे असलं असतंय.”

माझी एसटी आली. जाता जाता एवढंच म्हटलं, रोज पाटीवरचे दहा हिशोब असे कागदावर मांड, मग अर्ज लिही.

आठवड्याने त्याने अर्जाचा फोटो पाठवला. ‘मेहनती, प्रामाणिक, जिद्दी’ खोडलं होतं. बलस्थानाच्या जागी होतं : ‘मला तोंडी हिशोब पटकन येतो. मी अवघड आकड्याचा जवळचा सोपा आकडा धरतो आणि फरक नंतर वजा करतो. हे मी सीताफळं विकताना शिकलो.’ उणिवेच्या जागी : ‘तेच कागदावर मांडताना चुकतो. रोज दहा उदाहरणे लिहून सराव सुरू केला आहे.’

शिष्यवृत्तीचा निकाल अजून लागलेला नाही. पण ‘गणित कच्चे आहे’ हे वाक्य अर्जातून गेलं, ते बरं झालं.