भट्टीतच गार होऊ द्यायचं

आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या शिफ्टप्रमाणे वाजतात. थर्ड शिफ्टचा आठवडा असला की दुपारी दोनपर्यंत कुकर नाही, मिक्सर नाही, टीव्ही मुका आणि दाराच्या बेलच्या वायरी काढून ठेवलेल्या. हे सकाळी साडेसातला येतात, दोन घास खाऊन आठला आडवे होतात. चिखलीत जाधववाडीला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, मधली भिंत पातळ. मुलगा पाच वर्षांचा असताना एका दुपारी त्याच्या हातून स्टीलचं पातेलं पडलं. हे झोपेतून उठून आले आणि पोराच्या पाठीत असा धपाटा घातला की बोटं उमटली. मग मोरीत जाऊन नळ सोडला. नळाच्या आवाजाआडून त्यांचं रडणं मला ऐकू येत होतं. लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. या माणसाने घरात कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

मी चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नर्स आहे. कागदोपत्री आमच्या खोलीला ओएचसी म्हणतात, कामगार दवाखाना म्हणतात आणि मला सिस्टर. ताणावर बोलायला बाहेरून येणारे वक्ते मी पुष्कळ ऐकले आहेत. सकारात्मक विचार करा, हसत राहा, असं ते सांगून जातात. त्या दुपारपर्यंत मलाही ताण म्हणजे मनाचा कमकुवतपणा वाटत होता. त्या दुपारी मी बोटांवर हिशेब केला. सलग पाचवी रात्रपाळी, आणि त्या दिवशीची झोप जेमतेम दोन तास.

माझे यजमान भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या कामाला आहेत. लोखंडातही ताण असतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. वेल्डिंग केलेली फ्रेम वरून सरळ दिसते. पण वेल्डिंगची जागा तापून वितळलेली असते आणि बाजूचं लोखंड थंड. गार होताना ती जागा आक्रसू बघते, बाजूचं लोखंड तिला आक्रसू देत नाही. ही ओढाताण आत तशीच राहते. पुढे मशिनिंगला लावून वरचा थर काढला की फ्रेम वाकडी होते. म्हणून आधी स्ट्रेस रिलिव्हिंग करतात. जॉब भट्टीत साधारण 600 अंशांपर्यंत हळूहळू तापवायचा, जाडीच्या दर इंचाला तासभर तिथे धरायचा, मग भट्टी बंद करून आतच गार होऊ द्यायचा. घाईने बाहेर काढला तर कातडी आधी थंड होते, गाभा मागे राहतो आणि नवा ताण तयार होतो. हे सगळं ते पोळी खाता खाता सांगत होते. मला मात्र समोर बसलेला माणूसच दिसत होता. रात्रभर भट्टीपुढे उभा राहून बसमध्ये चढलेला आणि तासाभरात झोपलाच पाहिजे अशी घाई असलेला.

ताण हा शब्द डॉक्टरांकडे आला तोही असाच, धातू आणि पुलांच्या जगातून. 1936 साली हान्स सेल्ये या तरुण शास्त्रज्ञाने ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी द्या, इजा करा, दमवा किंवा विषारी द्रव्य टोचा, कारण कोणतंही असलं तरी शरीराचं उत्तर बरंचसं एकच येतं, असं त्याला दिसलं. मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी फुगतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. माणसाच्या शरीरातही ही यंत्रणा आहे. धोका दिसला की ॲड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, स्नायूंकडे रक्त धावतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं आणि साखर रक्तात मोकळी करतं. बिबट्या समोर आला तर हे वाचवणारं आहे. पण रिजेक्शन वाढलं म्हणून साहेब ओरडले, तर पळायचंही नसतं आणि भांडायचंही नसतं. शरीर सगळी तयारी करतं आणि ऑपरेटर मशीनसमोर तसाच उभा राहतो.

शिफ्टवाल्यांच्या बाबतीत यात घड्याळाची भर पडते. कॉर्टिसॉल पहाटे चढायला लागतं, जाग येण्याच्या सुमारास सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वात कमी. म्हणजे थर्ड शिफ्टवाला काम करतो तेव्हा शरीर झोपायला सांगत असतं, आणि तो अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा शरीर उठायची तयारी करतं. हे घड्याळ पेशीपेशीत कसं चालतं याचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. रात्री काम करणाऱ्याची दिवसाची झोप एक ते चार तासांनी कमी भरते. रात्रीच्या झोपेत रक्तदाब जो खाली उतरायला हवा, तोही नीट उतरत नाही.

रक्तदाबाचा अनुभव माझ्याकडे रोजचा आहे. वार्षिक तपासणीत पंचविशीतली पोरं येतात, लातूरची, बीडची, जळगावची, विदर्भातली. चार-पाच जण मिळून मोशीत किंवा म्हाळुंग्यात एक खोली घेतात. शिफ्ट वेगवेगळ्या, म्हणून दिवा कधी बंद होत नाही. परमनंट होणार की नाही याची खात्री नाही, गावाकडे बहिणीच्या लग्नाचं कर्ज. दंडाला पट्टा बांधला की यंत्र 150 दाखवतं. पूर्वी मी लगेच लिहून टाकायची. आता तसं करत नाही. लाईनवरून धावत आलेल्या माणसाचा रक्तदाब घ्यायचा नसतो. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता पाच मिनिटं बसवायचं आणि मग घ्यायचा. कितीतरी जणांचा आकडा या पाच मिनिटांत उतरतो. ज्यांचा परत परत 140/90 च्या वर राहतो त्यांना डॉक्टरांकडे पाठवते.

साहेबांना जबाबदारी जास्त म्हणून ताणही जास्त, असं सगळे समजतात. 1979 मध्ये रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकाने वेगळं मांडलं. कामाचा दबाव किती आणि त्या कामावर आपला हुकूम किती चालतो, या दोन गोष्टी एकत्र बघा, असं त्याने म्हटलं. दबाव जास्त आणि हुकूम शून्य, ही जागा सर्वात वाईट. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा मायकेल मार्मट यांनी 1985 पासून अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं. कामावर आपलं काही चालत नाही अशा माणसांना हृदयविकार जास्त होत होता. मला हे वाचून आमची लाईन आठवली. तिथे लघवीला जायचं तरी आपल्या जागी रिलिव्हर यावा लागतो. हार्नेसच्या लाईनवरच्या बायका म्हणूनच पाणी पीत नाहीत. जळजळ होते म्हणून माझ्याकडे येतात आणि विचारलं तर म्हणतात, “ताई, सारखं सारखं कोण सोडणार?” हा ताण प्राणायामाने जात नाही. दर लाईनला एक जास्तीचा रिलिव्हर दिला तर जातो. मी हे सेफ्टी कमिटीत तीन वर्षं मांडत राहिले. आता दोन लाईनींना मिळून एक मिळाला आहे.

घरी आम्ही काय बदललं ते सांगते. यांच्याकडे दर आठवड्याला शिफ्ट उलटी फिरायची, थर्डनंतर सेकंड, सेकंडनंतर फर्स्ट. माणसाचं आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी लांब असतं. त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. अमेरिकेत यूटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात शास्त्रज्ञांनी शिफ्टची दिशा सुलटी केली, फर्स्ट, मग सेकंड, मग थर्ड, आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदल ठेवला. कामगार जास्त समाधानी झाले आणि उत्पादनही वाढलं. हे 1982 साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं. मी त्याचं एक पान मराठीत लिहून यांना दिलं. चौघांनी मिळून ते मालकांपुढे ठेवलं. आठवड्याचाच बदल राहिला, पण दिशा सुलटी झाली. मालकांना त्यात एक रुपयाही खर्च नव्हता.

खिडकीला जाड काळा पडदा लावला. रात्रीचा शेवटचा चहा तीनच्या आत, कारण चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात. तंबाखू सुटायला दोन वर्षं लागली. तंबाखूने डोकं शांत होतं असं हे म्हणायचे. निकोटिन खरं तर उत्तेजक आहे. शांत होते ती त्याचीच तलफ. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे इमारतीखालचा बाक. बसमधून उतरलं की थेट वर यायचं नाही. पंधरा मिनिटं तिथे बसायचं, बूट काढून. फोन खिशात. श्वास आत घ्यायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. हे सांगायला मला पुस्तक लागलं, पण आमच्या एका बाजूला देहू आणि दुसऱ्या बाजूला आळंदी आहे. सासरे माळकरी. त्यांच्या भजनी मंडळात लांबवलेली तान म्हणजे लांबवलेला उच्छ्वासच आहे. रात्री भजनाहून आलेला माणूस किती गाढ झोपतो हे मी सासऱ्यांकडे बघून आधीच शिकायला हवं होतं.

आमच्या भागात कितीतरी कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. मुलांची शाळा रविवारी बंद. बाप आणि पोरं एकाच दिवशी घरात असणं हेच मुश्कील. मग बुधवारची रात्र बाटलीत जाते. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते, आणि गुरुवार चिडचिडीत संपतो. मी काही जणांना पुण्याच्या मुक्तांगणला पाठवलं आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं हे केंद्र व्यसनाबरोबर घरच्यांनाही जवळ घेतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

माझा स्वतःचा ताण मला सर्वात उशिरा दिसला. जनरल शिफ्टला मी मोशीहून बस धरते. इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी, कुरुळी, आळंदी फाटा असं करत चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत जे अंतर आहे, ते कधी अर्ध्या तासात होतं, कधी दीड तासात. किती वेळ लागेल हे कळत नाही, याचाच त्रास जास्त. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की ओटा. माझ्या मनात सतत चालू असायचं, पोळ्या गरमच असल्या पाहिजेत, सासूबाईंना चहा सहालाच मिळाला पाहिजे, मुलाचा अभ्यास मीच घेतला पाहिजे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. या पद्धतीत अशा हट्टांकडे बोट दाखवतात. घडलेल्या गोष्टीपेक्षा ‘असंच झालं पाहिजे’ हा आपला अट्टहास आपल्याला जास्त पोळतो, असं एलिस मानत. मी वहीत ती वाक्यं लिहून त्यातला ‘च’ खोडायला सुरुवात केली. सासूबाईंचा चहा सातला झाला आणि काही बिघडलं नाही. अभ्यास हे घेऊ लागले, सेकंड शिफ्ट असेल तेव्हा सकाळी. पण हेही सांगायला हवं की लाईनवरच्या बाईला वहीत ‘च’ खोडायला सांगून भागणार नाही. तिला आधी रिलिव्हर पाहिजे.

ताण कुठवर आणि आजार कुठून, याचा माझा ठोकताळा साधा आहे. सुट्टीच्या दिवशीही झोप येत नाही, जेवण गोड लागत नाही, मुलाला जवळ घ्यावंसं वाटत नाही आणि हे दोन आठवडे चाललं आहे, तर डॉक्टरांकडे जायचं. मरणाचा विचार मनात आला तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबायचं नाही. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून आहे. 14416 या क्रमांकावर रात्रीच्या कोणत्याही वेळी मोफत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर मी प्रसाधनगृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे. नोटीस बोर्डावर लावला होता तेव्हा चारचौघांत कोणी टिपून घेत नव्हतं.

मागच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास एक मुलगा आला, डोकं दुखतंय म्हणून. आदल्या रात्री थर्ड शिफ्टचा माणूस आला नाही म्हणून सेकंड शिफ्ट संपवून तो रात्री उशिरापर्यंत थांबला होता. तीन तास झोपून फर्स्ट शिफ्टला परत आला. मी त्याला खुर्चीवर बसवलं, पाय जमिनीला लावायला सांगितले आणि पाच मिनिटं बोलू नकोस म्हटलं. तिसऱ्या मिनिटाला त्याची मान कलली. लाईनवरून सुपरवायझरचा फोन आला, झालं का त्याचं? मी पट्टा हातात घेऊन उभी होते. म्हटलं, “अजून बीपी घ्यायचं आहे,” आणि पंखा एकाने कमी केला.